सांदवाडीची ड्यूटी

मे महिना जवळ आला की आमच्या ग्रुपमध्ये एकच विषय. यंदा कुठे? कुणाचं स्पिती ठरलेलं असतं, कुणाचं बाली, कुणी ऑफिसच्या गँगबरोबर कोकणात व्हिला बुक करून बसलेलं असतं. माझी पाळी आली की मी शक्य तितक्या कॅज्युअली सांगते, ‘नवेगाव बांध.’ मग दोन सेकंद शांतता. ‘म्हणजे... नाशिककडे?’

नाशिककडे नाही हो! गोंदिया जिल्हा, तालुका अर्जुनी मोरगाव. पुण्याहून रात्री महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसायचं. कोल्हापुरातून निघून अख्खं राज्य आडवं कापत गोंदियाला जाणारी ही गाडी. नगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर... पुस्तक संपतं, मोबाइलची बॅटरी संपते, घरून आणलेल्या दशम्याही संपतात, पण महाराष्ट्र काही संपत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदिया. तिथून मामाच्या गाडीनं आणखी साठेक किलोमीटर. आणि पारा पंचेचाळिसाच्या आसपास. ‘मे महिन्यात? विदर्भात? डोकं ठिकाणावर आहे ना?’ हा ग्रुपचा पुढचा प्रश्न.

आहे. आजोळ आहे माझं.

यंदा मात्र सुट्टी नव्हती, मिशन होतं. मार्चमध्ये आजी विहिरीपाशी घसरली आणि उजवं मनगट मोडून घेतलं. वय अठ्ठ्याहत्तर. मामा नोकरीमुळे गोंदियात, मावशी नागपुरात, आई पुण्यात. धानाची शेती बटाईनं दिलेली. एवढ्या मोठ्या घरात आजी एकटी, सोबतीला सकाळी येणारी एक बाई आणि एक मांजर. त्यात नागपूरचे एक गृहस्थ घर बघून गेले होते. वाघांचा प्रकल्प जवळ, तलाव जवळ, त्यांना इथे ‘फार्म स्टे’ काढायचाय. भाव बरा देत होते. तेव्हा सगळ्यांनी मे अखेरीला जमायचं, आजीला समजवायचं आणि पावसाआधी तिला नागपूरला हलवायचं, असं फोनाफोनीत ठरलं. मी फ्रीलान्सर. म्हणजे नातेवाइकांच्या दृष्टीनं रिकामी. त्यामुळे मला आठ दिवस आधी पाठवलं गेलं. ‘तुझं ऐकते ती. जरा हळूहळू विषय काढ.’

पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला विषय काढायला म्हणून उठले, तर आजी जागेवर नाही. मागच्या दारातून आवाज आला, ‘उठली का वं? बादली घे.’

आमच्याकडे घराच्या मागच्या बागेला सांदवाडी म्हणतात. बाग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लॉन आणि झोपाळा येत असेल तर तो पुसून टाका. इथे लिंबू, पपई, शेवगा, कढीपत्ता, मिरच्यांची रांग, गेल्या वर्षीची थकलेली वांगी, भांडी घासायच्या दगडापासून निघालेल्या चरीवर अळूचं रान आणि मधोमध वेलांच्या मांडवाचे नुसते खांब. मे महिन्यात या सगळ्याला जगवायचं म्हणजे एक पूर्ण वेळ नोकरी. पाणी घालायचं ते ऊन तापायच्या आत, नाहीतर सूर्य बुडाल्यावर. मुळांपाशी तणस पसरायचं, म्हणजे धानाचा पेंढा, ओल टिकून राहते. लिंबाच्या बुंध्यापाशी तळाला भोक पाडलेलं जुनं मडकं पुरलेलं, त्यात चिंधीची वात. मडकं भरलं की दिवसभर थेंब थेंब पाणी झिरपतं. (हेच मी पुण्यातल्या एका प्रदर्शनात ‘ड्रिप सोल्यूशन’ म्हणून साडेपाचशे रुपयांना पाहिलंय.)

आजीच्या हाताला पट्टा. त्यामुळे ती खुर्चीवर बसून सूचना देणार आणि मी विहिरीवर. पहिल्या दिवशी अठरा बादल्या. तळहाताला फोड आले. जिमची वर्षाची मेंबरशिप घेतलेल्या माणसाला हे फार अपमानास्पद असतं.

त्या आठवड्यात मुख्य काम होतं आळी करण्याचं. वेलभाज्यांसाठी हातभर खोल खड्डे खणायचे आणि तसेच उघडे ठेवायचे, माती उन्हात चांगली तापू द्यायची. मग शेणखत, राख, वरची माती असं भरायचं. रोहिणी नक्षत्र लागतं 25 मेच्या सुमाराला. त्यानंतर बी टोचायचं. पाऊस येईपर्यंत पाणी घालून रोप जगवायचं, मृगाचा पाऊस पडला की वेल सुटतो आणि श्रावणात मांडवाखाली दोडके, दुधी, काकड्या लोंबायला लागतात. बी राखेत घोळवून, कापडाच्या पुरचुंड्या बांधून आढ्याला टांगलेलं. मी विचारलं, ‘कुठल्या पुरचुंडीत काय आहे, हे कसं कळतं?’ आजी म्हणाली, ‘गाठ मीच मारली ना.’

मी आठ आळी खणली. खणताना रोज मिशनचा विषय ओठांवर यायचा. आणि रोज वाटायचं, ज्या बाईचे खड्डे खणतोय तिला ‘तू इथून चल’ कसं म्हणायचं? माझ्या पत्रकारितेच्या कोर्समध्ये अवघड इंटरव्ह्यू कसा घ्यावा यावर अख्खं लेक्चर होतं. त्यात ही केस नव्हती.

शनिवारी मामा-मामी आणि पोरं आली. रात्री अंगणात खाटा टाकल्या. मामानं मोबाइल काढला आणि माझाच एक जुना लेख मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली. ‘दहा भन्नाट वीकेण्ड स्पॉट्स’ टाइपचा. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी लिहिलेला. त्यात सातव्या क्रमांकावर नवेगाव बांध आणि खाली माझं वाक्य: निसर्गानं स्वतःच्या हातांनी घडवलेलं अनटच्ड सरोवर.

‘निसर्गानं?’ मामा म्हणाला. ‘मग कोलू पाटलानं काय केलं?’

सगळे इतके हसले की मांजर उठून गेलं. लाजच वाटली. कारण ही गोष्ट मला चौथीपासून पाठ आहे. नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. सात टेकड्यांच्या मधल्या फटी मातीनं बुजवून सुमारे 11 चौरस किलोमीटर पाणी अडवलं. गावाच्या नावातच ‘बांध’ आहे! टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. बांधकामात या बहिणींनी म्हणजे टेकड्यांच्या देवींनी मदत केली, अशी कथा आहे. आणि कोलू पाटलांचा पुढे कोलासूर देव झाला. एका टेकडीवर त्यांचं ठाणं आहे. इंजिनीअरला थेट देव करणारा आमचा भाग आहे, सांगा बंगळुरूच्या मित्रांना.

आणि हा एकच तलाव नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आणि बोड्या आहेत, कोहळी समाजानं आणि गावोगावच्या लोकांनी मातीत राबून केलेल्या. वरून पाणी अडवायचं, खाली धान पिकवायचा. पाणी सोडायच्या दाराला ‘तुडुम’ म्हणतात. लहानपणी आम्हाला तो शब्द फार आवडायचा, दिवसभर तुडुम-तुडुम करत फिरायचो. मालगुजार गेले, 1950च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून कागदोपत्री त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात आणि बोलताना ‘मामा तलाव’. छोटे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मालकी बदलली, पण दर उन्हाळ्यात गाळ काढणारे, पाळीवर माती टाकणारे हात बऱ्याच गावांतून कमी होत गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामेबहिणीला घेऊन पाळीवर गेले. नववीत आहे, पक्ष्यांची वही ठेवते. हिवाळ्यात येणारी बदकं मार्चमध्येच परत गेलेली असतात, तेव्हा मेमध्ये तलाव रिकामा वाटतो. पण तसा तो नसतो. कमळाच्या पानांवरून लांब बोटं टाकत चालणारे कमळपक्षी, पंख वाळवत बसलेले पाणकावळे, काठावर उगाच ओरडणाऱ्या टिटव्या. जंगलाच्या बाजूनं दोन सुरांची शीळ आली तसं तिनं माझा दंड धरला. ‘नवरंग!’ हा पक्षी दक्षिणेकडून उन्हाळ्याच्या शेवटी इकडे येतो, पावसात घरटं करतो. तिच्या वहीत यंदाची ती पहिली नोंद. पावशा तर आधीपासूनच ‘पेरते व्हा’ करून कान खात होता.

मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून याच पाण्याच्या काठी वर्षं काढली. त्यांचं ‘नवेगावबांधचे दिवस’ मामाच्या कपाटात आहे, पानं सुटी झालेलं. त्यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 18 जूनला ते गेले. राष्ट्रीय उद्यान झालं 1975 साली. डिसेंबर 2013 मध्ये नागझिऱ्याला जोडून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला आणि आता गाड्या येतात त्या वाघ बघायला. येऊ देत. पण जिप्सीतून उतरून कुणी या पाळीवर दहा मिनिटं उभं राहिलं, तर मला जास्त आनंद होईल.

परतताना आमच्याकडे मासे घेऊन येणारी धिवर मावशी भेटली. मी उत्साहानं म्हटलं, किती सुंदर फुलं आहेत हो त्या बोडीत, जांभळी. तिनं माझ्याकडे जे पाहिलं ना! ती बेशरम होती. कर्ण्यासारखी जांभळट फुलं येणारी, अमेरिका खंडातून शोभेसाठी आणलेली वनस्पती. कुंपणाला लावली आणि तिथून तलावात उतरली. बेशरम वाढली की पाण्यातल्या आपल्या वनस्पती मरतात, त्या मेल्या की मासळीला ना खाणं ना अंडी घालायला जागा. मासळी नाही म्हणजे मावशीच्या घरी पैसे नाहीत. एवढं साधं.

यावर इथेच काम झालंय. अर्जुनी मोरगावच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं, मनीष राजनकर यांच्या पुढाकारानं, धिवरांना सोबत घेऊन बोड्या पुन्हा जिवंत करायला घेतल्या. पद्धत ऐकून मी थक्क झाले, कारण ती आजीच्या सांदवाडीचीच आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की बेशरम मुळासकट उपटायची. तळ नांगरून तापू द्यायचा. पाऊस पडून पाणी धरलं की दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या वनस्पती चिखलात लावायच्या. हे काम मोठ्या प्रमाणावर बायकांनी केलं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बागकाम! मग मासे वाढतात आणि पक्षीही येतात. आणि माझ्यासारखी कुणीतरी पाळीवर उभी राहून ‘अनटच्ड’ म्हणते.

आता सहलीबद्दल. आमच्याकडे मेमध्ये एकदा इटियाडोहला जायचंच, हा नियम आहे. गाढवी नदीवरचं धरण, गोठणगावजवळ. मावशीचं कुटुंब आणि आई नागपूरहून आले तसे आम्ही मामाच्या मित्राचा ‘छोटा हत्ती’ घेऊन निघालो. मागे गाद्या, पाण्याचा माठ ओल्या पोत्यात गुंडाळलेला, पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कैरीचा तक्कू, आणि गाद्यांवर आम्ही अकराजण. मामेभावानं ब्लूटूथ स्पीकर आणला होता, मावशीनं तो पुऱ्यांच्या डब्याखाली दाबून टाकला. आजी आधी येत नव्हती. वेळेत परत आलो नाही तर संध्याकाळचं पाणी कोण घालणार? शेवटी पाच वाजता परत यायची शपथ सगळ्यांनी घेतली तेव्हा गाडीत बसली.

गोठणगावच्या बाजूला तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग. 1972 पासून. धानाच्या बांध्यांमध्ये अचानक फडफडणाऱ्या रंगीत पताका आणि मठ दिसतो तेव्हा नवखा माणूस गाडी थांबवतोच. हिवाळ्यात यांतले बरेचजण स्वेटर विकायला बाहेरगावी जातात, पावसाळ्यात आमच्यासारखीच शेती करतात. पोरांना मोमो हवे होते. आम्ही ते शोधत फिरतोय तोवर आजी गायब. सापडली ती एका घराच्या मागच्या बाजूला, एका तिबेटी आजीबरोबर. दोघी उकिडव्या बसून मिरचीची रोपं बघत होत्या.

तिबेटी आजी हिंदीत मराठी मिसळून बोलत होती. आजी मराठीत हिंदी मिसळून. चांगलं चाललं होतं. ती सांगत होती की इथे आली तेव्हा लहान होती. सुरुवातीची काही वर्षं तिच्या आईनं दारात झाडच लावलं नाही. आज ना उद्या परत जायचंय, मग फळझाड कशाला? भाजी लावायची, दोन महिन्यांत येणारी. पुढे एका वर्षी आईनं आंब्याची कोय लावली. त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

आंबा तिथेच होता. आम्ही त्याच्याच सावलीत उभे होतो.

आजी काही बोलली नाही. कमरेच्या पिशवीतून दोडक्याच्या बियांची पुरचुंडी काढून तिच्या हातात ठेवली (सहलीला बी घेऊन निघालेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली) आणि तिच्याकडून मुठीएवढी मक्याची बी घेतली. परत येताना गाडीत सगळे पेंगत होते. आजी जागी होती, पदराच्या गाठीवर हात ठेवून. पाच वाजून वीस मिनिटांनी पोचलो. त्या वीस मिनिटांवरून बोलणी खाल्ली.

मीटिंग झाली 24 तारखेला रात्री. मामानं प्रस्तावना छान केली, मावशीनं नागपुरातल्या डॉक्टरांचं सांगितलं. आईनं डोळ्यांत पाणी आणलं. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. मी माठातलं पाणी पीत राहिले. फार वेळ पीत राहिले.

आजीनं ऐकून घेतलं. भांडली नाही, रडली नाही. मला वाटलं होतं ती ‘मी इथेच मरणार’ वगैरे म्हणेल, म्हणजे सगळ्यांना सोपं गेलं असतं. तिनं फक्त विचारलं, ‘उद्या रोहिन्या लागते. आठ आळी तयार हायेत. सांगा, बी लावू का नको लावू?’

कुणीच बोलेना.

‘लावलं त भादव्यापर्यंत कोनी पायजे. पानी, मांडव, अळ्या येचणं. मी नाई, त दुसरं कोनी. नसन होत त आताच सांगा. मी बी धिवरीनबाईला देऊन टाकतो. वाया काहून घालवाचं?’ (आमच्या भागात बायकाही ‘देतो, जातो’ म्हणतात. पुण्यात आल्यावर आईनं ते सोडलं. चिडली की अजून निघतं.)

आता यात इमोशनल ब्लॅकमेल किती आणि हिशेब किती, हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही. पण प्रश्न व्यावहारिक होता आणि त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर होतं. घर विकायचं की नाही यावर तासभर बोलू शकणारी पाच मोठी माणसं ‘बी लावू नको’ हे तीन शब्द उच्चारू शकली नाहीत. शेवटी मामी, जी अशा चर्चांमध्ये कधीच बोलत नाही, ती म्हणाली, ‘कॅलेंडर आना.’

मग किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर पेननं पाळ्या लिहिल्या गेल्या. जूनचा पहिला पंधरवडा आई. दुसरा मावशी. शनिवार-रविवार मामा-मामी, कायम. ऑगस्टमध्ये मावसभाऊ, त्याला वर्क फ्रॉम होम आहे आणि इथे रेंज नाही हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. विहिरीच्या कठड्यापाशी धरायला पाइप बसवायचा. हापशाऐवजी छोटी मोटर. रात्री सोबतीला येणाऱ्या बाईंचे पैसे तिघांनी वाटून द्यायचे. नागपूरच्या गृहस्थांना कळवलं, दिवाळीनंतर बोलू. म्हणजे प्रश्न सुटलेला नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आजीलाही. दिवाळीनंतर तिचं मनगट पूर्वीसारखं होणार नाहीये आणि ती एकोणऐंशीची होणार आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे बी टोचलं. एका आळ्यात चार-चार बिया, बोटाच्या दोन पेरांएवढ्या खोल. उजव्या हातानं होईना म्हणून आजीनं डाव्या हातानं एक आळं केलं, बाकीची सात आम्ही. गोठणगावचा मका कुंपणाच्या कडेनं. मामेबहिणीनं वहीत पक्ष्यांच्या मागच्या पानावर तारीख घातली.

जुलैची पाळी माझी. पावसाचे दिवस, रोवणी चालू असेल, सगळं गाव चिखलात. कॉपी पाठवायला पाळीवर चढून जावं लागेल, तिथे रेंजच्या दोन काड्या येतात. इथल्या दोन संपादकांना सांगून ठेवलंय. त्यांतल्या एकानं विचारलं, ‘वर्केशन का?’ मी हो म्हटलं. तिकीट काढलंय, वेटिंग 34.

काल आजीचा फोन होता. दुधी उगवला, काकडी उगवली, मका बोटभर झाला. दोडक्याची दोन आळी मात्र वाया गेली, मुंग्यांनी बी नेलं. पुन्हा टोचलंय. ‘येताना सुतळी आन,’ म्हणाली. ‘मांडवासाठी पायजे. जाडवाली.’